शहाजोग हुंडी आणि तोतयाचा टेलिफोन

वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हटले म्हणजे श्रोत्यांना एखादी लढाई, एखादा किल्ला, निदान एखादी बखर तरी अपेक्षित असते. आम्ही मात्र आज टेलिफोनच्या घंटीपासून आरंभ करणार आहो. हा विषय इतिहासाचा कसा, असे कोणी विचारील. त्याने थोडा धीर धरावा.

धुळ्यास आमचे एक स्नेही आहेत. तीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. गल्लीतले सगळे त्यांना नाना म्हणतात. हिशेबाला इतके चोख, की भाजीवालीने चुकून आठ आणे जास्त दिले तर परत नेऊन देणार! गेल्या पावसाळ्यात नाना संगणकावर वर्तमानपत्र वाचीत बसले असता पडदा एकाएकी लाल झाला व भोंगा वाजू लागला. संगणकात विषाणू शिरला आहे, यंत्र बंद करू नका, ताबडतोब खालील नंबरावर फोन करा, असा मजकूर झळकला. वर एका जगप्रसिद्ध कंपनीचे नाव. नानांनी घाबरून फोन लावला. पलीकडचा मुलगा अदबीने, शब्दागणिक 'सर' म्हणत बोलला. त्याने नानांकडून एक लहानसा प्रोग्रॅम उतरवून घेतला आणि मग नानांच्या डोळ्यांदेखत पडद्यावरचा बाण आपोआप फिरू लागला. तांबड्यापिवळ्या खुणांची एक लांबलचक यादी उघडून तो म्हणाला, "पाहा सर, एवढे बिघाड आहेत." दुरुस्तीची फी किरकोळ होती, ती भरण्यासाठी नानांनी बँकेचे खाते उघडले, आणि तासाभरात त्यांच्या पेन्शनीतून साठलेले एक लाख चाळीस हजार रुपये नाहीसे झाले.

आम्ही त्यांना विचारले, "नाना, तू कोण, कोठला, हे त्याला विचारलेत काय?"

"तोच मला विचारीत होता," नाना म्हणाले. "नाव काय, जन्मतारीख काय, खाते कोणत्या बँकेत. मी आपला परीक्षेला बसलेल्या पोरासारखा उत्तरे देत होतो."

नानांच्या या वाक्यावर आम्ही पुष्कळ दिवस विचार केला. आमच्या मते सगळे इंगित त्यात आहे. कोणी कोणास ओळख पटवून द्यावयाची, हा नियमच येथे उलटा झाला. आणि या नियमाला मोठा इतिहास आहे. तो आपल्या खानदेशाच्या बाजारपेठांतही वाचावयास मिळतो.

आपल्या खेड्यांत परका पोरगा पारापाशी दिसला, की म्हातारा प्रथम विचारतो, "कोना शे रे तू?" म्हणजे तू कोणाचा? नाव नंतर. तुझ्यामागे उभा राहणारा कोण, ते आधी सांग. पुष्कळ शहरी लोकांना हा प्रश्न आगाऊपणाचा वाटतो. आम्हांला त्यात पेढीवरचे शहाणपण दिसते, कारण सावकारी व्यवहार याच प्रश्नावर चालत असे.

हुंडी हे त्याचे उत्तम उदाहरण. रोकड घेऊन वाटेने जाणे जोखमीचे, म्हणून एका गावच्या पेढीने दुसऱ्या गावच्या पेढीवर कागद लिहून द्यावयाचा. आता हा कागद चोराच्या हाती पडला तर? म्हणून व्यापाऱ्यांनी हुंडीचे प्रकार केले. धनीजोग हुंडी तिच्या धन्यासच द्यावयाची, नामजोग हुंडी जिच्यात ज्याचे नाव त्यासच. आणि सर्वांत प्रसिद्ध ती शहाजोग. ती केवळ 'शहा' म्हणजे बाजारात पत असलेल्या व्यापाऱ्याच्या हातूनच वटावयाची. अनोळखी मनुष्य शहाजोग हुंडी घेऊन आला, तर त्याला आधी एखादा शहा गाठावा लागे. पुढे हुंडी चोरीची अगर बनावट निघाली, तर त्या शहाने रक्कम व्याजासह परत करावयाची, अशी रूढी होती. रक्कमही एकदा लिहून भागत नसे. हजार रुपये, त्याचे निमे पाचशे, पाचशेची दुप्पट हजार, अशी उलटसुलट लिहीत, म्हणजे कोणास एक शून्य वाढविता येऊ नये. शिवाय हुंडी लिहिणारा पुढच्या पेढीला स्वतंत्र पत्राने कळवी. हुंडी एका वाटेने येई, वर्दी दुसऱ्या वाटेने. दोहोंचा मेळ बसला तर पैसे. इंग्रजांनी १८८१ साली चलनक्षम दस्तऐवजांचा कायदा केला, तेव्हाही देशी भाषांतील हुंड्यांच्या रूढींना त्यांनी हात लावला नाही.

या सर्व खटाटोपात ओझे होते ते मागणाऱ्यावर. देणारा गादीवर लोडाला टेकून बसे आणि मागणारा पुरावे शोधीत फिरे. (शहाजोग या शब्दाचे पुढे काय झाले ते पाहा. आज आपण कोणाला शहाजोग म्हणतो? वरून साळसूद, आतून लबाड अशाला! पतवाल्याचा शब्द तोतयाला चिकटला.)

तोतया म्हटल्यावर भाऊसाहेबांचा तोतया आठवल्यावाचून राहात नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते जिवंत असावेत अशी आस पुष्कळांच्या मनात राहिली. या आशेवर एक मनुष्य भाऊ म्हणून उभा राहिला. तो तोतया ठरून कैदेत पडला, तरी १७७६ साली रत्नागिरीच्या कैदेतून सुटताच कोकणातले किल्ले त्याच्या हाती येऊ लागले. अखेर त्याच वर्षाच्या डिसेंबरात पुण्यास त्याला देहान्त शिक्षा झाली. त्याच्यामागे गेलेले सगळे काही मूर्ख नव्हते. त्यांना भाऊ हवे होते, म्हणून त्यांनी ओळख पटविण्याची घाई केली नाही. टेलिफोनवरचा तोतया आशेऐवजी बहुधा भीती वापरतो, एवढाच फरक.

कागदातले तोतये ओळखण्याची विद्या तर धुळ्याच्या घरचीच. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास देह ठेवला आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तेथे उभे राहिले. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड त्यांनी १८९८ साली काढला. जुनी पत्रे हाताळणाऱ्याला मजकुराच्या गोडीत शिरण्यापूर्वी कागद, शाई, वळण व शिक्के पाहावे लागतात. पत्र संपते तेथे मोर्तब असे, म्हणजे त्याखाली कोणी ओळ घुसडू नये. लांब कागद जोडलेला असेल तर सांध्यावर शिक्का मारीत. 'शिक्कामोर्तब' हा आपला रोजचा शब्द तेथून आला. पत्रात काय लिहिले आहे हा दुसरा प्रश्न. ते कोणाचे, हा पहिला.

टेलिफोन आला तेव्हा हा पहिला प्रश्न काही काळ सुरक्षित राहिला. मुंबई, कलकत्ता व मद्रास येथील एक्स्चेंजे १८८२ साली सुरू झाली. पुढे ट्रंक कॉलचे दिवस आले. जळगावच्या अडत्याला मुंबईचा व्यापारी हवा, तर मध्ये एक्स्चेंजमधला मनुष्य असे. "मुंबईचा कॉल आहे, बोला," असे तो सांगे, तेव्हा तो मुंबईचाच असे. फार तर ताटकळत बसावे लागे. शेजाऱ्याच्या फोनचा नंबर 'पी.पी.' म्हणून कार्डावर छापणारी पिढीही आपल्यापैकी पुष्कळांनी पाहिली आहे. तेथे शेजारी हाच शहा. १९६० साली लखनौ-कानपूर मार्गावर थेट डायल करण्याची सोय झाली, नंतर ती सर्वत्र पसरली आणि मधला मनुष्य गेला. इंटरनेटवरून बोलणे स्वस्त झाल्यावर तर समोरच्याच्या फोनवर कोणता नंबर उमटावा हेही बोलणाऱ्याला ठरविता येऊ लागले. जो नंबर पाहून आपण विश्वास ठेवतो, तोच बनावट!

संगणक दुरुस्तीचा हा बनाव २००८-०९ च्या सुमारास इंग्रजी बोलणाऱ्या देशांत दिसू लागला. "आम्ही मायक्रोसॉफ्टतर्फे बोलत आहो," असे सांगणारे आवाज बहुधा आपल्याच देशातून येत. ऑक्टोबर २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशा सहा टोळ्यांवर न्यायालयात कारवाई सुरू केली. युक्ती नानांना दाखविली तीच होती. संगणक आपल्या अंगच्या बारीकसारीक घटनांची नोंद ठेवतो. निरोगी यंत्रातही त्या नोंदीत तांबड्यापिवळ्या खुणा असावयाच्याच. त्या आजार म्हणून दाखवावयाच्या, औषध विकावयाचे आणि दुरून यंत्र हाती घ्यावयाचे. तो प्रोग्रॅम स्वतः वाईट नसतो; दूर बसलेला खरा तंत्रज्ञही तोच वापरतो. परंतु परक्याने मागितल्यावरून तो उतरविणे म्हणजे तिजोरीची किल्ली त्याच्या कमरेला अडकविणे होय. फेब्रुवारी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने 'एनीडेस्क' या प्रोग्रॅमचे नाव घेऊन बँकांना सावध केले होते.

येथवर आम्ही फसलेल्यांविषयी बोललो. आता फसविणाऱ्यांविषयी बोलावे लागेल, आणि ते अवघड आहे, कारण ती आपलीच मुले आहेत. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मिरा रोड येथील काही कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. तेथून अमेरिकेच्या करखात्याचे अधिकारी म्हणून फोन जात: कर भरा, नाही तर अटक. सुमारे सातशे तरुण-तरुणींना ताब्यात घ्यावे लागले. बहुतेक शिकलेले, काही पहिल्याच नोकरीवरचे. हातात छापील संवाद, आणि बोलण्यासाठी परदेशी नाव. त्याच महिन्यात अमेरिकेने अशाच कारस्थानाबद्दल साठांवर व्यक्ती व संस्थांवर आरोप ठेवले. फसलेल्यांची संख्या पंधरा हजारांहून अधिक सांगण्यात आली, आणि जुलै २०१८ मध्ये तेथे एकवीस जणांना शिक्षा झाल्या. कमाल शिक्षा वीस वर्षांची होती.

मिरा रोड आपल्याला लांबचे वाटले असेल. परंतु ऑगस्ट २०२५ मध्ये सी.बी.आय.ने घाटमाथ्यावर इगतपुरी येथे एका रिसॉर्टवर छापा घातला, तेव्हा साठांहून अधिक जण ॲमेझॉनचे ग्राहक-साहाय्यक असल्याचे भासवून परदेशी लोकांशी बोलत असल्याचे आढळले. आणि सप्टेंबरच्या अखेरीस हीच गाडी आपल्या स्टेशनात येऊन थांबली. जळगावलगत ममुराबाद रस्त्यावरच्या एका शेतघरात परदेशी नागरिकांना फोनवरून गंडविणारे केंद्र चालत असल्याच्या आरोपावरून पोलिसांनी धाड घातली. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील. आम्ही कोणाचे नाव घेत नाही. पण केळी-कापसाच्या मुलखात बसून सातासमुद्रापलीकडच्या एखाद्या म्हाताऱ्याला 'सर, सर' म्हणणारा मुलगा आणि धुळ्याच्या नानांना 'सर, सर' म्हणणारा मुलगा, हे दोघे एकमेकांचे कोण लागतात? नोकरी नाही म्हणून पोरगा तेथे बसतो, हे खरे. आमच्या ओळखीच्या एका आईने "काम काय ते विचारले नाही, पगार वेळेवर येतो" असे सांगितले, तेव्हा आम्हांला पुढे बोलवेना. कोना शे, हे विचारणारा समाज 'काय करस' हे विचारावयास का विसरला?

नानांचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिले. पैसे गेल्यावर ते दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. गणिताचा मास्तर फसला, ही लाज पैशांहून मोठी होती. पण हे दोन दिवसच घातक ठरले. चोरीचा पैसा भाड्याने घेतलेल्या एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात काही तासांत पळतो. म्हणून सरकारने १९३० हा नंबर ठेवला आहे. तेथे लगेच कळविले तर वाटेतल्या खात्यात रक्कम अडविता येते. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने नियम घातला तोही याच धोरणाचा: ग्राहकाने आपली गुप्त माहिती स्वतःच दिली असेल, तर बँकेस कळवीपर्यंतचे नुकसान त्याचे आणि कळविल्यानंतरचे बँकेचे. म्हणजे लाजेचा प्रत्येक तास आपल्या खर्ची पडावयाचा. नानांनी प्रथम यंत्राची इंटरनेटची जोडणी तोडावयास हवी होती, मग दुसऱ्या फोनवरून बँकेस व १९३० ला कळवून, दुसऱ्याच यंत्रावरून परवलीचे शब्द बदलावयास हवे होते. फसविणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ड प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. फसणे हा कोणत्याही कायद्याने गुन्हा नाही.

आणि फोन आलाच तर? आम्ही पेढीवरच्या जुन्या मुनिमाकडे पाहतो. हुंडी या वाटेने आली, तर वर्दी त्या वाटेने आली पाहिजे. बँकेचा म्हणून फोन आला, तर तो ठेवावा आणि पासबुकावर छापलेल्या नंबरावर आपण होऊन फोन करावा. बोलणाऱ्याने दिलेल्या नंबरावर नव्हे, आणि इंटरनेटवर शोधून मिळालेल्याही नव्हे, कारण तेथे तोतयांनी आपलेच नंबर मांडून ठेवलेले असतात. संगणकावर लाल पडदा दिसला, तर यंत्र बंद करावे; भोंगा बंद होतो. कोणतीही मोठी संगणक कंपनी आपण होऊन घरी फोन करून तुमच्या यंत्राची प्रकृती विचारीत नाही. 'डिजिटल अरेस्ट' नावाची अटक कायद्यात कोठेही नाही, हे ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी रेडिओवरून देशाला सांगितले, तरी लोक अद्याप खोलीचे दार लावून कॅमेऱ्यासमोर बसतात.

नानांना एक लाख चाळिसांपैकी अठरा हजार परत मिळाले. तेवढेच एका खात्यात अडकले होते. परवा आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा टेलिफोनशेजारी कालनिर्णयाच्या मागच्या बाजूस, शाळेत फळ्यावर लिहीत तशाच ठसठशीत अक्षरांत त्यांनी बँकेचा नंबर लिहिला होता. त्याखाली १९३०. चहा येईपर्यंत फोन वाजला. नानांनी चष्मा लावला, नंबर पाहिला, उचलला आणि आवाज चढवून विचारले, "आधी सांगा, आपण कोण?"

पलीकडे त्यांची नाशिकची मुलगी होती. ती बरीच रागावली.