ग्रहण, बंड आणि शंभर दिवसांचा राजा

असिरियन लोक वर्षांना आकडे देत नसत. दरवर्षी एका बड्या अधिकाऱ्याचं नाव त्या वर्षाला दिलं जाई. मातीच्या पाट्यांवर कोरलेल्या या वर्षांच्या याद्या आज आपल्या हाती आहेत. त्यात गुझाना प्रांताचा सुभेदार बूर-सग्गिले याच्या नावाचं एक वर्ष आहे. त्यापुढे एवढंच लिहिलंय: अश्शूर शहरात बंड. सिमानु महिन्यात सूर्याला ग्रहण लागलं.

मला या नोंदीत सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो तिच्यात नसलेला शब्द. 'म्हणून'. लिहिणाऱ्याने बंड आणि ग्रहण शेजारी ठेवलं, पण एकाला दुसऱ्याचं कारण म्हटलं नाही. ते काम वाचणाऱ्याचं मन आपोआप करतं. खरं तर त्याच यादीत दोन वर्षं आधी रोगाची साथ नोंदली आहे. म्हणजे सूर्य झाकोळण्याआधीच राज्यावर संकटं येऊ लागली होती.

पुढे शंभरेक वर्षांनी, एसरहद्दोन राजाच्या काळात, हा न लिहिलेला 'म्हणून' दरबाराचा नियमच होऊन बसलेला दिसतो. ज्योतिषी राजाला नेमाने पत्रं पाठवत. सूर्यग्रहण असो की चंद्रग्रहण, त्याचा एक अर्थ राजाचा मृत्यू असा निघे. ग्रहणात गुरू ग्रह दिसला तर राजा वाचला. नाहीतर तोडगा एकच, बदली राजा.

कुणा एकाला राजवस्त्रं घालून सिंहासनावर बसवायचं, त्याच्या शेजारी एक राणीही द्यायची. खरा राजा तोवर आड राहायचा आणि पत्रांत त्याला 'शेतकरी' म्हणायचे! हा मुक्काम शंभर दिवसांपर्यंत चाले. मग बदली राजाला मारून टाकत. अपशकुन 'राजा'वर गेला, भाकीत खरं ठरलं, आणि शेतकरी पुन्हा गादीवर आला.

एरवी यासाठी ज्याच्यामागे कुणी नाही असा माणूस निवडत. पण एका ग्रहणाच्या वेळी अक्कद शहराच्या मंदिर-प्रमुखाचा मुलगा दम्की निवडला गेला. तो आणि त्याची राणी मारले गेले. दोघांना इतमामाने पुरलं, शोकही झाला. लोक घाबरले होते, असं राजाच्या माणसाने पत्रात कळवलंय. अक्कद होतं बाबिलोनियात, म्हणजे असिरियाने जिंकलेल्या मुलखात. तिथल्या वजनदार घरातलाच मुलगा का, हे ग्रहण सांगत नव्हतं. ते माणसांनी ठरवलं होतं.

बूर-सग्गिलेच्या वर्षाचं कोडं सुटलं ते १८६७ मध्ये. हेन्री रॉलिन्सन हा १८२७ साली कंपनीच्या फौजेतला पोरगेला अधिकारी म्हणून मुंबईला आला होता. पुढे तो क्यूनिफॉर्म लिपीचा जाणकार झाला. यादीतलं ते ग्रहण त्याने खगोलगणिताशी ताडून पाहिलं. ते इसवी सनपूर्व ७६३ मधलं निघालं. ज्युलियन कालगणनेने तारीख १५ जून. हा एक खुंटा पक्का झाल्यावर यादीतली मागची-पुढची वर्षं मोजता आली, आणि त्या काळातल्या कितीतरी राजांना नेमके सनावळीचे आकडे मिळाले.

राजाचं पुढे काय होणार, हे त्या ग्रहणाला ठाऊक नव्हतं. पण बंड कुठल्या वर्षी झालं, हे त्याने अडीच हजार वर्षांनी अचूक सांगितलं. पुढच्या ग्रहणाला 'सत्तापालट अटळ' असा व्हिडिओ फोनवर येईलच. तेव्हा मला दम्की आठवेल. तोही एका भाकितासाठीच मारला गेला होता.