डोनटचं भोक कुणाचं?

आजचा एपिसोड तळणीचा आहे, उपाशीपोटी ऐकू नका.

गेल्या रविवारी मी घरी डोनट केले. पहिला घाणा भोक न पाडता, नुसते गोळे. भोक फक्त दिसण्यापुरतं असतं असं मला वाटायचं. बाहेरून मस्त तांबूस, आणि फोडला तर आत कच्चं पीठ. आई म्हणाली, "मेदूवड्याला भोक काय उगाच पाडतात?" बीटेकला हीट ट्रान्सफर शिकलेला मी गप्प. जाडी दुप्पट झाली की मधल्या भागापर्यंत उष्णता पोचायला साधारण चौपट वेळ लागतो. तोवर बाहेरचं करपतं.

हाच बग अमेरिकेत खूप जुना आहे. डच लोकांनी तिथे 'ओलीकूक' नेलं, म्हणजे तेलातला केक. १८०९ साली वॉशिंग्टन आयर्व्हिंगने न्यूयॉर्कच्या आपल्या विनोदी इतिहासात 'डोनट' लिहिलं, ते चरबीत तळलेल्या गोड गोळ्यांबद्दल. गोळ्यांबद्दल बरं का, कड्यांबद्दल नाही.

भोकाचं श्रेय मिळालं हॅन्सन ग्रेगरी या मेन राज्यातल्या खलाशाला. १८४७ साली, सोळा वर्षांचा असताना, जहाजावर त्याने मिरपुडीच्या डबीच्या झाकणाने डोनटचा मधला कच्चा भाग कापून काढला म्हणे. "म्हणे" अशासाठी, की ही गोष्ट त्याने स्वतः सांगितली, आणि तीही १९१६ साली, वॉशिंग्टन पोस्टला. जवळजवळ सत्तर वर्षांनी! मला मात्र त्यातला पुढचा भाग जास्त आवडतो. तो घरी परतला तेव्हा त्याची आई स्वयंपाकघरात डोनटच करत होती. त्याने एक-दोन करून तिला युक्ती दाखवली. मग कढया भरभरून डोनट कुणी तळले? आईने. आणि १९४७ साली रॉकपोर्टला पाटी लागली ती मुलाच्या नावाची.

हे वाचताना मला जरा ओशाळल्यासारखं झालं. कारण दुसऱ्या घाण्याचं पीठ आईने मळलं होतं, आणि मी स्टोरीला टाकलं होतं, 'मेड बाय मी'. ती काही बोलली नाही. फक्त लाइक केलं.

आता १९१७. पहिलं महायुद्ध, फ्रान्स, पावसाची झोड. साल्व्हेशन आर्मीच्या हेलन पर्व्हियन्स आणि मार्गारेट शेल्डन यांना सैनिकांसाठी घरच्यासारखं काहीतरी करायचं होतं. हाताशी पीठ, साखर, चरबी, बेकिंग पावडर, डब्यातलं दूध. लाटणं नाही, म्हणून वाईनची बाटली. छोट्याशा तव्यात एका वेळी सात डोनट, तेही गुडघ्यांवर बसून. पहिल्या दिवशी दीडशे झाले. सैनिकांच्या रांगा लागल्या. गंमत म्हणजे त्या पहिल्या डोनटना भोक नव्हतं. ते सैनिकांच्या मागणीवरून नंतर आलं. या दोघींची नावं निदान टिकली.

आता आमचं प्रमाण. ३०० ग्रॅम मैदा, ७ ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ४० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, एक अंडं, सुमारे १३० मिली कोमट दूध, शेवटी ४० ग्रॅम लोणी. पीठ सैलसर लागतं, हाताला चिकटलं तरी घाबरून मैदा ओतू नका (मी ओतला होता, पहिला घाणा त्यानेही बिघडला). दुप्पट फुगलं की अर्धा इंच जाड लाटा. बाहेरचा गोल वाटीने, मधला बाटलीच्या झाकणाने. अर्धा तास परत फुगू द्या. तेल १८० अंशांच्या आसपास, एका बाजूला साधारण एक मिनिट.

ग्लेझ म्हणजे पिठीसाखर आणि थोडं दूध. डोनट गरम असतानाच बुडवायचा, म्हणजे पातळ, काचेसारखा थर बसतो. गार झाल्यावर बुडवला तर जाड पांढरा लेप होतो. आईच्या मते ही बालुशाहीच आहे, उगाच परदेशी नाव लावलंय. मी वाद घातला नाही.

मधले छोटे गोळे फेकू नका. आमच्याकडे तेच आधी संपले. आणि स्टोरी मी बदलली आहे, आईला टॅग करून.