विहिरीतला सिंह आणि छापाचा दगड

सिंह आणि सशाची गोष्ट आम्हा नांदेड-लातूरकडच्या मुसलमानांना दोनदा भेटते. घरी दादी ती दख्खनीत सांगते, शाळेत गुरुजी मराठीत सांगतात. मग कधीतरी कोणी विचारते, ही गोष्ट तुमची की त्यांची?

उत्तर इतिहासात आहे. 'पंचतंत्र' सहाव्या शतकात हकीम बुर्जोईने इराणात नेले. आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फाने ते 'कलीला व दिम्ना' या नावाने अरबीत आणले. आपल्या प्रस्तावनेत त्याने किताबातल्या चित्रांचाही मुद्दाम उल्लेख केला. पंधराव्या शतकाच्या अखेरीस हेरातच्या हुसेन वाइज काशिफीने त्याचे फारसीत 'अन्वार-ए-सुहैली' केले. आपली दख्खनही मागे राहिली नाही. या किताबाची गोवळकोंड्याची सचित्र प्रत आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे.

पुढे छापखाने आले. मुंबईत १८२२ साली 'पंचोपाख्यान' मराठीत छापले गेले. देवनागरीला खिळे मानवले, पण नस्तालीकची वळणे खिळ्यांत बसेनात. फारसी-उर्दू किताबांनी म्हणून शिळाछापाचा आधार घेतला. कातिब तेलकट शाईने कागदावर लिही, तो मजकूर दगडावर उलटा उतरे आणि छापताना सुलटा होई. चित्रही त्याच दगडावर. चित्रकाराने ते थेट दगडावर काढले, तर छापात डावे उजवे होई. त्यामुळे त्याला सगळे आधीच उलटे पाहावे लागे.

सशाच्या गोष्टीत तर ही कसरत दुहेरी. काठावर सिंह, पाण्यात त्याचीच प्रतिमा. वाचणाऱ्याला दोन्ही एकच आहेत हे दिसले पाहिजे, आणि सिंहाला मात्र ते कळू नये.

मौलाना रूमींनी मस्नवीच्या पहिल्या दफ्तरात हीच गोष्ट घेतली आणि तिचा अर्थ आत वळवला. दुसऱ्यात दिसणारा जुलूम पुष्कळदा आपल्याच नफ्सची सावली असते, हा त्यांचा इशारा.

१९४८ पर्यंत नांदेड निजामाच्या राज्यात होते. कचेरीत उर्दू चाले, बाजारात मराठी, आणि माणसे दोन्हींत व्यवहार करीत. इथून निघालेली गोष्ट इराण-अरबस्तान फिरून आमच्या दादीच्या तोंडी आली. ती परकी कशी? आणि शाळेतली मराठी गोष्ट तरी आम्हाला परकी का वाटावी? 'तुमची की त्यांची' असे विचारणाऱ्याने आणि ऐकून रागावणाऱ्या आम्हीही, एकदा त्या विहिरीत नीट पाहावे. तिथे दुसरा सिंह नाही.