सूत्री विभाजन

सूत्री विभाजन (समसूत्री विभाजन) ही दृश्यकेंद्रकी सजीवांतील पेशीविभाजनाची प्रक्रिया असून तिच्यात एका मातृपेशीपासून, गुणसूत्रांच्या दृष्टीने परस्परांशी व मातृपेशीशी समान अशा दोन जन्यपेशी निर्माण होतात. शरीराची वाढ होणे, जखम भरून येणे, झिजलेल्या त्वचेच्या जागी नवी त्वचा येणे हे सारे याच विभाजनामुळे घडते.

जर्मन शास्त्रज्ञ वाल्टर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या डिंभातील पेशी रंगवून या प्रक्रियेचे तपशीलवार वर्णन केले व ते १८८२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. त्यांनी योजलेली ‘मायटोसिस’ ही संज्ञा ‘सूत’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आली आहे. मराठी पर्यायातही ते सूत टिकून राहिले आहे.

विभाजनापूर्वीच्या अंतरावस्थेला पूर्वी ‘विश्रांतीची अवस्था’ म्हणत. हे नाव दिशाभूल करणारे आहे, कारण डीएनएची नक्कल याच काळात होते. त्यामुळे मानवी पेशीतील ४६ गुणसूत्रांपैकी प्रत्येक गुणसूत्र दुहेरी होते. पूर्वावस्थेत ही गुणसूत्रे आखूड व जाड होऊन दिसू लागतात, पुढे केंद्रकावरण नाहीसे होते. मध्यावस्थेत ती पेशीच्या मध्यभागी एका प्रतलात येतात आणि दोन्ही ध्रुवांकडून आलेले तर्कुतंतू त्यांना जोडले जातात. एकही गुणसूत्र नीट जोडले गेले नसेल, तर निरोगी पेशी पुढचे पाऊल टाकत नाही. पश्चावस्थेत प्रत्येक जोडी विलग होऊन तिचे दोन भाग विरुद्ध ध्रुवांकडे ओढले जातात. अंत्यावस्थेत दोन केंद्रके तयार होतात. शेवटी पेशीद्रव्य विभागते. प्राणिपेशीत बाहेरून खाच पडते. वनस्पतिपेशीत मात्र पेशीभित्तिकेमुळे तसे होत नाही, मधोमध नवे पटल तयार होऊन ते कडांपर्यंत वाढते.

या नियंत्रणात बिघाड झाल्यास जन्यपेशींत गुणसूत्रे कमीअधिक होतात. अशी विषमता बहुतेक घन अर्बुदांच्या कर्करोगांत आढळते. अंगणातील सदाफुलीपासून मिळणारे व्हिन्क्रिस्टीन हे औषध तर्कुतंतू तयार होऊ देत नाही, त्यामुळे विभाजन मध्यावस्थेतच अडते. मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते दिले जाते. वेगाने विभागणाऱ्या निरोगी पेशींनाही त्याचा फटका बसतो. उपचारकाळात केस गळतात ते यामुळेच.

शाळा-महाविद्यालयांत या अवस्था पाहण्यासाठी कांद्याच्या मुळांची टोके वापरतात. कांद्यात गुणसूत्रे १६ व आकाराने मोठी असल्याने ती साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही स्पष्ट दिसतात. बहुसंख्य पेशी मात्र अंतरावस्थेतच आढळतात; पश्चावस्था अल्पकाळ टिकत असल्याने ती शोधावी लागते.