लिनक्स ही केवळ गरिबाची सोय नव्हे

छत्रपती संभाजीनगरात अभियांत्रिकीच्या वर्गांपासून वाळूजच्या कारखान्यांपर्यंत एक मत ठामपणे ऐकू येते: लिनक्स जुन्या, थकल्या संगणकांसाठी ठीक, लाख-दीड लाखांच्या लॅपटॉपवर ते टाकणे म्हणजे पैसा पाण्यात घालणे. असे म्हणणारे जाणते लोक आहेत. म्हणूनच या मताची झडती घेणे अगत्याचे आहे.

पूर्वपक्ष असा. महाग लॅपटॉपच्या किमतीत त्याच्या बॅटरीशी, पडद्याशी, कॅमेऱ्याशी जुळवलेली प्रणालीही धरलेली असते. ती काढली की जुळणी बिघडते. शिवाय ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स यांची लिनक्स आवृत्तीच नाही.

शेवटचा आक्षेप आधी घेऊ. ज्याचे पोट सॉलिडवर्क्सवर आहे, त्याने विंडोजच वापरावे. पण याचा लॅपटॉपच्या किमतीशी संबंध काय? पंचवीस हजारांच्या यंत्रावरही हीच अडचण येणार. आक्षेप खरा आहे, पण तो या वादातला नाही.

लिनक्स दुबळ्या यंत्रांसाठी आहे काय? नोव्हेंबर 2017 पासून जगातल्या पहिल्या 500 महासंगणकांच्या यादीतील प्रत्येक यंत्र लिनक्सवर चालते. पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धी-एआय’ 2020 मध्ये याच यादीत 63वा आला. कमी साधनांत भागते म्हणून ते कमी साधनांसाठीच, हा तर्क टिकत नाही.

आता जुळणी. डेलने 2012 मध्ये एक्सपीएस 13 उबुंटू या लिनक्सच्या अवतारासह विकायला काढला. लेनोवोने 2020 मध्ये थिंकपॅड एक्स1 कार्बन फेडोरा या दुसऱ्या अवतारासह दिला. इथे जुळणी खुद्द उत्पादकाने केली आहे. ॲपलच्या एम-मालिकेच्या यंत्रांची वाट बिकट, कारण कागदपत्रे उपलब्ध नसताना ‘असाही लिनक्स’ या प्रकल्पाच्या मंडळींना सारे शोधून काढावे लागले. तरी जुलै 2022 मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नेलची, 5.19 आवृत्ती एम2 मॅकबुक एअरवरूनच प्रसिद्ध केली. तिथे टच आयडी अजून चालत नाही, हे मान्य. यातून यंत्र पारखून घ्यावे एवढेच सिद्ध होते. लिनक्स वर्ज्य ठरत नाही.

उरला पैशाचा प्रश्न. 2017 चा एक्स1 कार्बन घ्या. त्यातला इंटेलचा सातव्या पिढीचा प्रोसेसर विंडोज 11 च्या अधिकृत यादीत नाही, आणि विंडोज 10 चे नियमित पाठबळ 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपले. कळफलक शाबूत, पडदा शाबूत, प्रोसेसर शाबूत. तरीही यंत्र निवृत्त! लिनक्सवर त्याच यंत्राला आजही सुरक्षा-अद्यतने मिळतात. मग पैसा वाया कोण घालवतो? यंत्र जितके महाग, तितके ते अधिक वर्षे वापरण्याचे कारण मोठे.

वाचकहो, निकाल तुमचा. फक्त तो ऐकीव माहितीवर देऊ नका. विंडोजचा लॅपटॉप असेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू करा. वाय-फाय, आवाज, कॅमेरा स्वतः तपासा आणि मग ठरवा.