नांगर: एक खाचरातला, एक खाडीतला

भोरकडच्या आंबवड्यात नांगर म्हटलं की डोळ्यांपुढे भाताचं खाचर येतं. आषाढातला गुडघाभर चिखल, पुढे बैल, मागे रुमण्यावर दाबून धरलेला हात. भोरहून वरंधा घाट उतरून महाड गाठा, सावित्रीच्या काठाकाठाने बाणकोटच्या मुखापर्यंत जा, तिथे तोच शब्द लोखंडाचा होतो. चार फाळ, वर कडी, कडीत साखळी, साखळीला दोर. लहान मोटरबोट खाडीबाहेर काढायची तर इंधन, लाइफ जॅकेट, वाऱ्याचा अंदाज हे सगळं बघायलाच हवं. तरी मी पहिला मान नांगराला देतो.

नाव एक असलं तरी या दोघांचं कूळ एक नाही. खाचरातला नांगर ऋग्वेदात लाङ्गल म्हणून भेटतो. पालीत तो नङ्गल होतो, म्हणजे ‘ल’चा ‘न’ फार आधीच झाला. मलय भाषेत नांगराला तेंगाला म्हणतात, मुंडा भाषांतही जवळची नावं आहेत. त्यामुळे संस्कृतात हा शब्द इथल्या जुन्या शेतकऱ्यांच्या बोलीतून आला असावा, असं काही भाषाशास्त्रज्ञ मानतात. मला ते पटतं. ज्याच्या हातात अवजार, त्याच्याच तोंडी त्याचं नाव आधी येणार.

बोटीचा नांगर मात्र फारसी ‘लंगर’शी जोडला जातो. लंगर म्हणजे जहाज रोखून धरणारं वजन. मराठी कानाला तो ओळखीच्या नांगरासारखा लागला असणार, आणि दोघे एकाच नावाने नांदू लागले. शेत नांगरतात, गलबतही नांगरतात. मूळचा लंगरही पुसला गेला नाही. जेजुरीला खंडोबापुढे वाघ्या लोखंडी साखळी तोडतो, तिला आपण आजही लंगर तोडणं म्हणतो.

वस्तू तर लोखंडाच्याही आधीची. द्वारका आणि बेट द्वारकेच्या समुद्रतळाशी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेला दगडी नांगर मोठ्या संख्येने सापडले. त्यांतल्या त्रिकोणी दगडांना तीन भोकं असतात. वरच्यात दोर ओवायचा, खालच्या दोनांत लाकडी खुंट ठोकायचे. दगडाने वजन द्यायचं, खुंटांनी वाळूत रुतायचं. आजच्या नांगराची सगळी कल्पना त्या तीन भोकांत आहे.

पुढे 1933 मध्ये केंब्रिजचे गणिती जेफ्री इंग्रम टेलर यांनी एक नवा नांगर काढला. टेलर स्वतः लहान शिडाच्या होडीतून दर्यावर जाणारे. वजन कमी आणि पकड जास्त, असा नांगर त्यांना हवा होता. त्यांनी त्याला थेट शेतातल्या फाळाचा आकार दिला. ओढ लागली की तो वाळूत, चिखलात खोल शिरतो. मराठीत उच्चाराने जवळ आलेले दोन नांगर तिकडे आकाराने एक झाले, याचा मला फार आनंद वाटतो.

पण नुसत्या आकाराने नांगर धरत नाही. बैलांची ओढ पुढून, जमिनीच्या जवळून लागते, म्हणून फाळ मातीत राहतो. तीच ओढ वरून लावली तर तो उपटून येईल. समुद्रातही हेच. दोर आखूड असला की लाटेसरशी बोट नांगर वर उचलते. म्हणून नांगराजवळ काही मीटर जड साखळी लावतात, आणि दोर खोलीच्या पाच ते सातपट सोडतात. भरतीचं पाणी धरून खोली 10 मीटर असेल तर 50 ते 70 मीटर. नांगर टाकायचा तो नाळेवरून, बोटीच्या तोंडाकडून. मागच्या बाजूला इंजिनाचं वजन असतं, काठ बुटका असतो. तिथे नांगर बांधला तर येणारी लाट सरळ आत चढते.

इंजिन बंद पडलेल्या बोटीला ब्रेक नसतो. पश्चिमेचा वारा तिला किनाऱ्यावरच्या खडकांकडे ढकलतो, आणि मदत येईपर्यंत ती जागच्या जागी राहायला हवी. खोल दर्यात, जिथे तळ लागत नाही, तिथे कापडी नरसाळ्यासारखा सागरी नांगर नाळेवरून सोडतात. तो पाण्यालाच धरतो आणि बोटीचं तोंड लाटांकडे ठेवतो.

आंबवड्याचा, भोरच्या पंतसचिवांच्या काळातला झुलता पूल ज्यांनी पाहिला असेल, त्यांना एक गोष्ट लगेच कळेल. असा पूल तारांवर झुलतो, पण भार घेतात ती काठांवर पक्की धरलेली तारांची टोकं. नांगराच्या दोरालाही दोन टोकं असतात, आणि घाईत दुसरं विसरलं जातं. येत्या दिवाळीत हर्णै-मुरुडला लहान बोटीत बसाल, तेव्हा निघण्याआधी नांगर कुठे आहे ते विचारा, आणि दोराचं दुसरं टोक बोटीला बांधलेलं आहे ना, हे हाताने ओढून पाहा.