दोन हत्याकांडे, दोन उत्तरे : ईशान्य सीमेवरील शासन आणि गावबुढे (१९११–१९६७)

या टिपणासाठी अरुणाचल प्रदेशाचा नकाशा समोर घ्या. भिंतीवर नसेल तर फोनवर काढा. उत्तरेकडून सियांग नदी खाली येते आणि आसामच्या मैदानात उतरून पुढे ब्रह्मपुत्रा होते. तिच्या पश्चिमेला सुबनसिरीचे खोरे आहे. या दोन खोऱ्यांत बेचाळीस वर्षांच्या अंतराने जवळजवळ सारख्या वाटणाऱ्या दोन घटना घडल्या. दोन्ही वेळा एक सरकारी अधिकारी माणसे घेऊन डोंगरात गेला, दोन्ही वेळा गावकऱ्यांनी त्या तुकडीवर अचानक हल्ला केला, आणि दोन्ही वेळा बहुतेक माणसे परत आली नाहीत. पहिल्या वेळी सरकार ब्रिटिशांचे होते, दुसऱ्या वेळी आपले.

आपला प्रश्न हत्येपुरता नाही, हत्येनंतरचा आहे. बातमी राजधानीत पोहोचली. आता पुढे काय करायचे? कोणाला शिक्षा करायची, कशी करायची, आणि शिक्षेनंतर त्याच गावातल्या वडीलधाऱ्यांशी पुन्हा बोलणे कसे सुरू करायचे? अभियांत्रिकीच्या वर्गात हा विषय निघाला की कोणीतरी लगेच विचारते, ‘सर, विश्वास मोजणार कसा?’ मोजता येत नाही. पण तो कोणत्या जागी तुटतो आणि कोणत्या जागी पुन्हा जुळतो, हे दाखवता येते. माझ्या मते या प्रकरणात ती जागा एका साध्या गोष्टीत आहे : सरकारला माणसांची नावे हवी होती की फक्त गावाचे नाव पुरेसे होते?

पार्श्वभूमी थोडक्यात

१८७३ च्या नियमावलीने ब्रिटिशांनी डोंगराच्या पायथ्याशी ‘इनर लाइन’ आखली. परवान्याशिवाय मैदानातल्या माणसाने ती ओलांडायची नाही. रेषेपलीकडे रोजचे प्रशासन जवळजवळ नव्हतेच. आदी लोकांशी १८६२ साली करार झाला होता. त्यांनी मैदानात छापे घालू नयेत म्हणून सरकार त्यांना दरवर्षी लोखंडी कुदळी, मीठ, तंबाखू असा माल देत असे. (जुन्या कागदपत्रांत आदींना ‘अबोर’ म्हटलेले आढळेल. ते बाहेरच्यांनी दिलेले नाव आहे, ते आता वापरू नये.) डोंगरातल्या लोकांच्या दृष्टीने हा त्यांचा हक्क होता, सरकारच्या दृष्टीने मेहेरबानी. करार एकच, अर्थ दोन. बिनसले की सरकारकडे दोन साधने होती : बाजाराची वाट बंद करणे, म्हणजे मिठाची कोंडी, किंवा दंडात्मक मोहीम. १८५८ मध्ये केबांग गावावर गेलेली मोहीम तर हात हलवत परत आली होती, आणि ती गोष्ट त्या गावाने विसरावी असे काही नव्हते.

कोमसिंग, १९११

नोएल विल्यमसन हा सदियाचा सहायक राजकीय अधिकारी. मार्च १९११ मध्ये तो डॉ. ग्रेगरसन यांना सोबत घेऊन सियांगच्या खोऱ्यात वर गेला. बरोबर मोठी सशस्त्र तुकडी नव्हती. वाटेत काही माणसे आजारी पडली, डॉक्टर त्यांच्यापाशी मागे राहिले. त्यांची हत्या पांगी गावी झाली आणि विल्यमसनची ३१ मार्च रोजी कोमसिंग येथे. सोबतच्या हमाल-नोकरांतलेही बहुतेक मारले गेले. या प्रतिकारात पुढे असलेल्या मातमूर जामोहचे नाव आज अरुणाचलात स्वातंत्र्यसैनिक म्हणून आदराने घेतले जाते.

या हत्येमागची एक हकीकत त्या काळच्या लेखनात येते, आणि ती लक्षात ठेवण्यासारखी आहे. विल्यमसनने आजारी माणसांना परत पाठवताना एका निरोप्याकडे पत्रे दिली. निरोप्याने वाटेतल्या गावात फुशारकी मारली की पाकिटाचा पांढरा रंग म्हणजे गोरा साहेब, काळी किनार म्हणजे निरोप्या, आणि लाल लाख म्हणजे सरकारचा राग. हे कागद पोहोचले की तुमची खैर नाही. काळी किनार खरे तर राजाच्या निधनाच्या सुतकाची होती. ही हकीकत जशीच्या तशी खरी मानायची की नाही हे तुम्ही ठरवा. एवढे मात्र दिसते की साहेब काय लिहितो हे वाचणारा गावात कोणी नव्हता, आणि गावाचे भय साहेबाच्या कानावर घालणारा त्याच्याजवळ कोणी नव्हता. मधल्या माणसाने जे सांगितले तेच सरकार.

उत्तर ठरलेले होते. १९११ च्या ऑक्टोबरात मेजर जनरल हॅमिल्टन बोवर यांच्या हाताखाली फौज निघाली. वाटेतल्या गावांशी लढत ती डिसेंबरात केबांगला पोहोचली आणि ते गाव जाळले. गावांवर दंड बसवले. इथे थांबून एक गोष्ट पाहा. गाव जाळायचे असेल तर त्यात कोण राहते हे विचारावे लागत नाही. हत्येला विरोध करणारा म्हातारा आणि हत्या करणारा तरुण यांची घरे एकाच वाऱ्यात पेटतात. ज्या वडीलधाऱ्यांशी पुढे सरकारला बोलायचे असते, तेच या पद्धतीत पहिल्यांदा ओलीस धरले जातात. मोहीम ‘यशस्वी’ झाली, सर्वेक्षण झाले, ठाणे आले. पण लोकांनी मान खाली घातली याला विश्वास म्हणत नाहीत.

अचिंगमोरी, १९५३

आता सुबनसिरीकडे या. स्वातंत्र्यानंतर नवे सरकार इनर लाइनपलीकडे प्रत्यक्ष प्रशासन नेत होते. तिबेटमध्ये चिनी फौजा आल्यावर ही घाई वाढली. रस्ते नव्हते. ठाण्यांना धान्य विमानातून टाकावे लागे, आणि ते तिथून पाठीवर वाहण्यासाठी हमाल लागत. म्हणजे सरकार गावात पहिल्यांदा येई ते ओझी उचलण्याची मागणी घेऊनच.

ऑक्टोबर १९५३ मध्ये मेजर रिपुदमन सिंग यांची आसाम रायफल्सची तुकडी दुभाषे आणि हमालांसह तागिन लोकांच्या मुलखात अचिंगमोरी येथे पोहोचली. स्वागत वरवर स्नेहाचे झाले. तळ ठोकण्याच्या गडबडीत माणसे बेसावध असताना तागिनांनी दाव घेऊन हल्ला केला. मृतांचा आकडा ४७ सांगितला जातो. काहींना धरून ठेवण्यात आले. कारणांत पुन्हा अफवा आहे : ही तुकडी गुलाम सोडवून न्यायला आणि गावांना शिक्षा करायला येत आहे, असे तागिनांच्या कानावर गेले होते. गुलाम ही तिथे मालमत्ता होती, तेव्हा भीती अगदीच हवेतली नव्हती. पण १९११ सारखाच प्रसंग इथेही दिसतो. सरकार आपल्याविषयी काय म्हणते हे गावाला सरकारकडून कळत नाही, दुसऱ्याकडून कळते.

नेफा, म्हणजे ईशान्य सीमांत प्रदेश, तेव्हा परराष्ट्र मंत्रालयाच्या कक्षेत होता. आसामचे राज्यपाल राष्ट्रपतींच्या वतीने कारभार पाहत. परराष्ट्र खाते नेहरूंकडेच असल्याने प्रकरण थेट त्यांच्या टेबलावर आले. जरब बसेल असे प्रत्युत्तर द्या, विमानातून बॉम्ब टाका, असाही सूर निघाला होता. राज्यपालांचे सल्लागार नरी रुस्तमजी हे आय.सी.एस. अधिकारी. त्यांनी आणि नेहरूंनी सूडाची कारवाई नाकारली. फौज गेली, आणि चांगली मोठी गेली. याला अहिंसक मोहीम म्हणणे भाबडेपणाचे होईल. शस्त्रधारी जवान गावात उतरले की लोकांना काय वाटते हे वेगळे सांगायला नको. पण फौजेला दिलेले काम निराळे होते : धरलेली माणसे सोडवायची, ज्यांनी प्रत्यक्ष हत्या केल्या त्यांना शोधायचे आणि खटला चालवायचा. खटला त्याच मुलखात, बांबूच्या तात्पुरत्या न्यायालयात, लोकांच्या डोळ्यांसमोर चालला. दोषींना शिक्षा झाल्या.

आता नावांचा मुद्दा पुन्हा घ्या. व्यक्तीवर खटला भरायचा तर त्या व्यक्तीचे नाव लागते. नाव कळायचे तर गावाकडूनच कळणार. म्हणजे शिक्षेचा हा प्रकार निवडताच सरकारला वडीलधाऱ्यांची गरज लागते. त्यांच्यासमोर बसावे लागते, ऐकावे लागते, दुभाषा नीट निवडावा लागतो. ज्याचा हात नव्हता त्याचे घर शाबूत राहते, आणि ते शाबूत राहिलेले शेजाऱ्यांना दिसते. मला या साऱ्या प्रकरणात हेच सर्वांत मोलाचे वाटते. भाषणांनी जे झाले नसते ते एका न जळलेल्या घराने केले.

रोजचा न्याय कोणाचा?

मोठ्या खटल्याने विश्वासाला सुरुवात होते, तो टिकतो लहानसहान तंट्यांत. शेताची हद्द, मिथुनची चोरी, बायकोच्या माहेरचे देणे. (मिथुन हा गव्याच्या जातीचा प्राणी. भरपाई, वधूमूल्य, प्रतिष्ठा, सगळे त्याच्या संख्येत मोजतात.) हे तंटे गावे पूर्वापार स्वतःच मिटवत आली होती. आदींमध्ये यासाठी केबांग भरते. गावाच्या नावाशी गल्लत करू नका, केबांग म्हणजे सभा. वडील माणसे लांबलचक बोलतात, जुने दाखले देतात, आणि दोन्ही बाजू थकेपर्यंत चर्चा चालते. घड्याळाकडे पाहणाऱ्या अधिकाऱ्याला यात वेळेचा अपव्यय दिसेल. पण हरलेल्या बाजूलाही उद्या त्याच गावात राहायचे असते.

१९४५ च्या आसाम सीमांत न्यायदान नियमावलीने या सभांना कायद्यात जागा दिली होती. दोन्ही पक्ष तिथलेच असतील तर दिवाणी दावा कितीही रकमेचा असो, ग्रामप्राधिकारी तो चालवू शकत. किरकोळ चोरी, मारहाण, अतिक्रमण असे गुन्हेही त्यांच्याकडे. ५० रुपयांपर्यंत दंड आणि वर भरपाई. निकाल उघड्या दरबारात, साक्षीदारांसमोर. कायदा ब्रिटिशांचा असला तरी स्वतंत्र भारताने तो मोडीत काढला नाही. सरकारमान्य वडीलधाऱ्याला गावबुढा म्हणत. हा शब्द आसामीतून आला, आपल्यालाही फोड न करता समजतो. त्याची खूण म्हणून सरकार लाल कोट देई. अरुणाचलात आजही समारंभात लाल कोटातले गावबुढे दिसतात.

याच सुमारास सीमा प्रशासनासाठी वेगळी सेवा उभी राहिली आणि १९५४ मध्ये व्हेरियर एल्विन नेफाचे आदिवासी विषयक सल्लागार झाले. मराठी वाचकाला ओळख पटावी म्हणून सांगतो, हे एल्विन १९२७ मध्ये इंग्लंडहून प्रथम पुण्यात ख्रिस्त सेवा संघात आले, मग गांधींकडे ओढले गेले आणि पुढे मध्य भारतात गोंड-बैगांमध्ये राहिले. त्यांचे ‘अ फिलॉसॉफी फॉर नेफा’ हे पुस्तक १९५७ मध्ये निघाले. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत नेहरूंनी पाच तत्त्वे मांडली. ती आदिवासी पंचशील म्हणून परीक्षेत विचारली जातात, तेव्हा पाठ कराच. सारांश असा : लोकांवर बाहेरचे लादू नये, जमीन-जंगलावरील त्यांचे हक्क जपावेत, प्रशासनात त्यांचीच माणसे तयार करावीत, योजनांचा भडिमार करू नये, आणि यश आकडेवारीऐवजी माणसांवरून जोखावे. मला यातले चौथे सर्वांत अवघड वाटते. कमी करा, असे सांगणारे सरकार विरळाच.

हे चित्र फार गोड होत असेल तर

दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, अचिंगमोरीचा संयम हे देशाचे कायमचे धोरण झाले नाही. मार्च १९६६ मध्ये मिझो नॅशनल फ्रंटच्या उठावानंतर हवाई दलाच्या विमानांनी ऐझॉलवर हल्ला केला. पुढच्या वर्षापासून मिझो खेडी उठवून लोकांना रस्त्यालगतच्या वसाहतींत कोंबले. तिथे पुन्हा गाव हेच गुन्हेगाराचे नाव झाले. त्यानंतर करारापर्यंत पोहोचायला ३० जून १९८६ उजाडावे लागले.

दुसरी गोष्ट नेफाचीच. गावबुढा नेमायचा कोणी? प्रशासनाने. कोट दिला तसा काढूनही घेता येतो. शिवाय या सभांत निर्णयाचा आवाज बहुतेक पुरुषांचाच होता, आणि परंपरेला मान देताना सरकारने तोही मान्य केला. १९६४ मध्ये केंद्राने एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष दायिंग एरिंग स्वतः आदी होते. जानेवारी १९६५ च्या अहवालात समितीने गावापासून वर चढत जाणारी चार पायऱ्यांची रचना सुचवली. १९६७ च्या पंचायत राज नियमावलीत तिचा बराचसा भाग आला. ग्रामपातळीवर सदस्य निवडायचे ते त्या त्या जमातीच्या रीतीने, आणि अंचल समितीत लोकप्रतिनिधी. नेमलेला गावबुढा आणि निवडलेला सदस्य अशी दोन माणसे तेव्हापासून एकाच गावात शेजारी बसतात.

ती जुळवाजुळव आजही चालू आहे. सियांगवर प्रस्तावित मोठ्या धरणाच्या प्राथमिक पाहणीला अलीकडच्या वर्षांत नदीकाठच्या गावांनी विरोध केला. अशा वेळी सरकारकडून मानधन घेणारा लाल कोटातला गावबुढा गावाच्या सभेत उभा राहतो तेव्हा तो कोणाच्या वतीने बोलतो? तुमच्यापैकी काही जण उद्या अशाच पाहणीच्या पथकात अभियंते म्हणून जातील. वर्गातल्या चर्चेसाठी हा प्रश्न घ्या : अशा गावात पहिल्या दिवशी तुम्ही कोणाला भेटाल, आणि तुमचे बोलणे तिथल्या भाषेत कोण सांगेल?